मुंगी चावेल एवढंच

उत्साही : भाजलेल्या मुलाची पट्टी बदलताना तुम्ही शेजारी उभ्या राहिलेल्या आहात, सिस्टर, म्हणून त्याचं वर्णन करत बसत नाही. ते दुखणं एकदा होऊन संपत नाही, रोज ठरल्या वेळी येतं, आणि मुलाला ते येणार हे आदल्या रात्रीपासून माहीत असतं. अमेरिकेत सिएटलला हार्बरव्ह्यू रुग्णालय आहे. तिथल्या जळीत विभागात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटर्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात एक प्रयोग सुरू केला. मुलाच्या डोळ्यांवर असा चष्मा चढवायचा की समोरची खोली, ट्रॉली, चिमटे काहीच दिसू नये. दिसावं ते संगणकाने रचलेलं दुसरं जग, आणि डोकं वळवलं की तेही वळावं. २००० साली त्यांनी १६ आणि १७ वर्षांच्या दोन मुलांचा अहवाल छापला. त्याच मुलांना थोडा वेळ साधा व्हिडिओ गेम दिला, थोडा वेळ हा चष्मा. चष्म्याच्या वेळी खूपच कमी दुखलं, असं मुलांनी सांगितलं. पुढे त्यांनी भाजलेल्यांसाठी मुद्दाम बर्फाचं जग रचलं. बर्फाच्या घळीतून संथपणे पुढे जायचं आणि पेंग्विनांवर, बर्फाच्या माणसांवर गोळे फेकायचे. २००४ मध्ये निरोगी माणसांना सोसवेल इतका चटका देऊन त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा वेदनेशी जोडलेल्या पाचही भागांतली हालचाल चष्म्यामुळे निम्म्याहून खाली आली. म्हणजे माणूस दात-ओठ खाऊन गप्प बसलेला नव्हता, दुखणंच कमी उमटत होतं. कारण सोपं आहे. दुखायलाही लक्ष लागतं, आणि माणसाकडे लक्ष मोजकंच असतं. ते दुसरीकडे पुरतं गुंतलं की दुखण्याच्या वाट्याला कमी येतं. तो चष्मा आता एखाद्या बऱ्या मोबाइलच्या किमतीत मिळतो. मग चंद्रपूर-गडचिरोलीत का नको?

साशंक : आधी एक विचारते. त्या सिएटलच्या मुलांना चष्मा चढवण्यापूर्वी मॉर्फिनसारखं औषध दिलेलं होतं की नव्हतं?

उत्साही : होतं. चष्मा औषधाच्या जोडीला होता, औषधाच्या जागी नव्हता.

साशंक : मग हे पहिल्या दमात सांगायचं होतं, डॉक्टर. आपल्याकडे कुठलीही गोष्ट पोचेपर्यंत अर्धी होते. तालुक्याला चष्म्याची बातमी पोचेल, मॉर्फिनची पोचणार नाही. आता आपल्याकडे काय होतं ते मी सांगते. पोराला सलाईन लावायचं असतं. बापाला बाहेर काढतात, आई दाराशी उभी. एक जण पाय धरतो, एक खांदे, एक हात ताणून ठेवतो, आणि कुणीतरी मान पलीकडे वळवून म्हणतं, “काही नाही, मुंगी चावेल एवढंच.” अंगात रक्त कमी असलेल्या पोराची शीर पहिल्या खेपेला सापडत नाही. मग दुसऱ्यांदा, मग दुसऱ्या हाताला. त्या पोराला भीती सुईची जेवढी बसते, त्याहून जास्त दाबून धरणाऱ्या हातांची बसते. यावर उपाय कुणाला माहीत नाही असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच लसीकरणाचं दुखणं कसं कमी करावं हे लिहून दिलंय. बाळ अंगावर पीत असताना टोचा. मोठ्याला आईच्या मांडीवर बसतं धरा, आडवं दाबू नका. जास्त दुखणारी लस शेवटी द्या. सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का बघायची जुनी सवय सोडा. दीड महिन्याच्या बाळाला आता एका दिवशी तीन सुया असतात. यातल्या एकाही गोष्टीला रुपया लागत नाही. हे कुठे होतंय ते दाखवा, मग चष्म्याचं बोलू.

उत्साही : त्याला रुपया लागत नाही, म्हणूनच ते होत नाही. फुकट गोष्टीचं प्रशिक्षण होत नाही, तिची मागणी नोंदवावी लागत नाही, ती झाली का हे विचारायला कुणी येत नाही. आईच्या मांडीवर बसवा हे आपण वर्षानुवर्षं म्हणतोय आणि ते पोस्टरवरच राहिलंय. आणि एक लक्षात घ्या. मुलाचं दुखणं हा विषय वैद्यकानेच किती उशिरा मान्य केला! ऐंशीच्या दशकापर्यंत मोठमोठ्या रुग्णालयांत नवजात बाळांची ऑपरेशनं नावापुरत्या भुलीवर होत. बाळाला हलता येऊ नये म्हणून स्नायू शिथिल करणारं औषध द्यायचे, वेदनेसाठी जवळजवळ काही नाही. बाळाच्या मज्जासंस्थेची वाढ व्हायची असते, त्याला तसं दुखत नाही, असा समज होता. भारतातून ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत आनंद यांनी मोजून दाखवलं तेव्हा तो समज हलला. अपुऱ्या दिवसांच्या ज्या बाळांना ऑपरेशनमध्ये फेंटानिल हे वेदनाशामक दिलं, त्यांच्या शरीरावरचा ताण कमी होता आणि नंतरची गुंतागुंतही कमी होती. हे १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. हे पटवायला ‘बाळाला दुखतं हो’ म्हणणारी एक आई पुरली नाही, आकडे लागले. चष्मा आला की सोबत दुखणं मोजायचा तक्ता येईल, एक नोंदवही येईल, कोणीतरी प्रशिक्षण घ्यायला जाईल. मुलाचं दुखणं कामाच्या यादीत येईल. मला चष्म्याइतकंच ते हवंय.

साशंक : म्हणजे दुखणं मान्य करून घ्यायला यंत्र आणायचं? हा उलटा रस्ता झाला. आपल्या शेजारच्या गडचिरोलीने जगाला दाखवलं ते नेमकं याच्या विरुद्ध. तिथल्या ‘सर्च’ या संस्थेने आरोग्यदूत उभे केले ते ३९ गावांत. गावातलीच बाई, थोडं शिकलेली, झोपडीत जाऊन नवजात बाळ तपासायची, जंतुसंसर्ग असेल तर जेंटामायसिनचं इंजेक्शन स्वतः द्यायची. १९९९ मध्ये अभय आणि राणी बंगांनी ते प्रसिद्ध केलं, तेव्हा नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलेलं होतं. सुई तीच होती. फरक हातात होता. आईच्या ओळखीची बाई, आईच्या बोलीत बोलणारी, आईच्या घरात बसून टोचणारी. ‘सर्च’चा शोधग्राममधला दवाखाना बांधतानाही लोकांना विचारलं, तेव्हा लोकांनी मोठी इमारत मागितली नाही. आमच्या घरांसारख्या झोपड्या हव्यात, नातेवाइकांना सोबत राहता यावं, असं सांगितलं, आणि आपल्या देवीचं, दंतेश्वरीचं नाव दिलं. भीती कमी करायची आपली रीत ही आहे. माणूस जवळ आणायचा. तुमचा चष्मा माणूस दूर नेतो.

उत्साही : गडचिरोलीचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं. त्याच ‘सर्च’ने श्वास मोजायचं एक साधं यंत्र बनवलं होतं, आठवतं? गावच्या सुईणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं आणि न्यूमोनिया ओळखायला तर मिनिटाला पन्नास-साठ श्वास मोजावे लागतात. मग एका पाटीवर एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी बसवल्या. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याला हात लागला तर न्यूमोनिया. तेही यंत्रच. त्याने सुईण दूर गेली नाही, उलट तिला बाळाच्या छातीकडे पूर्ण एक मिनिट टक लावून बघावं लागलं. यंत्र माणसाला दूरच नेतं असं नाही, ते कसं रचलंय त्यावर आहे. तुम्ही म्हणता तो ओळखीचा हात मलाही हवा. पण तो हात भामरागडला रात्री दोन वाजता कामावर असेलच याची खात्री तुम्ही द्याल? बदली होऊन आलेली, भाषा न येणारी, अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळणारी सिस्टर असते तिथे. तिच्याकडे आणखी काहीतरी असू दे, इतकंच मी म्हणतो.

साशंक : त्या रात्री दोनच्या सिस्टरबद्दल मला जास्त माहीत आहे, म्हणून तर घाबरते. तिला सगळ्यात जास्त काय हवं असतं? पोराने हलू नये. पोर गप्प बसलं की सुई पहिल्या खेपेला लागते आणि तिचं काम होतं. तुमचा चष्मा पोराला गप्प बसवेल यात मला शंका नाही. पण गप्प बसलेलं पोर आणि न दुखणारं पोर एकच असतं का? आपल्याकडे कर्मचाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य असतं, माडिया पोरं फार सोशिक, रडत नाहीत. मला ते वाक्य कधी पटलं नाही. अनोळखी इमारत, अनोळखी वास, सगळे मराठीत नाहीतर हिंदीत बोलतायत, आणि आपण गोंडीत किंवा माडियात ओरडलो तर समजणारं कुणी नाही, अशा ठिकाणी पाच वर्षांचं पोर रडेल कशाला? रडणं हे कुणीतरी ऐकेल या भरवशावर असतं. तो भरवसा नसलेलं पोर आधीच गप्प आहे. आणि गप्प पोराला कमी औषध मिळतं, हे मी पाहिलंय. तुम्ही त्याच्या गप्प बसण्यात आणखी भर घालणार.

उत्साही : हा मुद्दा मी टाळत नाही. म्हणून तर चेहऱ्यांचा तक्ता वापरतात. हसऱ्यापासून रडव्यापर्यंत सहा चेहरे, मुलाने बोट ठेवायचं, भाषा लागत नाही. चष्म्याआधी एकदा विचारायचं, नंतर एकदा.

साशंक : बोट ठेवायलाही विचारणाऱ्यावर विश्वास लागतो. पण ते असू दे, मी मोठ्या गोष्टीकडे येते. सिकलसेल. तुम्ही ज्यांच्यासाठी चष्मा मागताय, त्या सुईला कंटाळलेल्या पोरांत निम्मी तीच असणार.

उत्साही : हो, माझ्या डोळ्यांसमोर तीच आहेत. गोंड, माडिया, परधान, महार, कितीतरी समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट आहे. आश्रमशाळेत रांग लावून बोटाला टोचायचं, संशय आला तर पुन्हा रक्त घ्यायचं. आजार निघाला की त्या मुलाचं पुढचं आयुष्य सुयांचं. रक्त तपासणी, सलाईन, रक्त चढवणं, पुन्हा तपासणी. सातव्या वर्षी जे मूल सुईला घाबरून पळालं, ते पंधराव्या वर्षी हायड्रॉक्सियुरिया या औषधासाठीच्या तपासण्यांना येणार नाही. इथे सुईची भीती हा लाडाचा प्रश्न नाही, ती उपचार तोडते. ओकलंडच्या मुलांच्या रुग्णालयात सिकलसेलच्या कळा येणाऱ्या रुग्णांना असा चष्मा थोडा वेळ देऊन पाहिला. २०१९ मध्ये त्याचा अहवाल आला. दुखणं उतरल्याचं निघालं, पण तुलनेला दुसरा गट नव्हता, हेही सांगून टाकतो. नाहीतर पुन्हा अर्धी गोष्ट सांगितली म्हणाल.

साशंक : कळ आणि सुई यांत तुम्ही गल्लत करताय. बोटाला टोचणं क्षणाचं आहे. सिकलसेलची कळ येते तेव्हा वाकड्या झालेल्या रक्तपेशींचे पुंजके रक्तवाहिन्या अडवतात. हाडापर्यंत रक्त पोचत नाही, हात-पाय-पाठ तासन्‌तास, दिवस-दिवस ठणकते. त्याला सलाईन लागतं, प्राणवायू लागतो आणि जबर वेदनाशामक लागतं, वेळ पडली तर मॉर्फिन. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने मॉर्फिन इतकं कुलूपबंद केलं की २०१४ मध्ये संसदेला तो कायदा दुरुस्त करावा लागला. कागदावर वाट मोकळी झाली, कपाटाजवळ जायची भीती गेली नाही. केटामाइनचं तसंच. हाड बसवायला, मोठी पट्टी बदलायला पोरांसाठी इतकं कामाचं औषध, पण तेही २०१३ पासून अनुसूची एक्समध्ये. स्वतंत्र नोंद, स्वतंत्र कुलूप, चौकशीची धास्ती. चष्म्याला कुलूप नाही, सही नाही, चौकशी नाही. मग सांगा, मध्यरात्री कळ येऊन तळमळणाऱ्या पोराला काय मिळेल? जे देणं सोपं ते. आणि नोंदीत लिहिलं जाईल, वेदनाशमन केले.

उत्साही : ही भीती खरी आहे, तिच्यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. इतकं करता येईल की चष्मा कळेसाठी नाही, फक्त आपण स्वतः करत असलेल्या टोचण्या-कापण्यासाठी आहे, असं सरळ लिहून ठेवायचं. आणि पुराव्याबद्दलही फुगवून बोलत नाही. २०२० मध्ये वैद्यकीय पुरावा तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेने १७ चाचण्यांचा, ४ ते १८ वयाच्या १००८ मुलांचा एकत्र आढावा घेतला. निष्कर्ष असा की पुराव्याचा दर्जा फार खालचा आहे, ठामपणे काही म्हणता येत नाही. त्याला एक अडचण कायमचीच आहे. गोळी खरी की खोटी हे रुग्णापासून लपवता येतं, डोळ्यांवरचा चष्मा कसा लपवणार? आपल्याला नवं काहीतरी मिळालंय या कौतुकानेच मूल कमी दुखलं म्हणत असेल. पण खरं सांगू? कौतुकाने कमी दुखलं तरी ते कमीच दुखलं.

साशंक : पहिल्या खेपेला. कौतुक विसाव्या खेपेला उरतं का? सिकलसेलच्या पोराला विसावी खेपही असते.

उत्साही : हॉफमनने तेही पाहिलं होतं, अनेक खेपांनंतर परिणाम टिकला असं त्याला दिसलं. मात्र रुग्ण मोजकेच होते. आयुष्यभराच्या खेपांबद्दल बोलता येईल इतकं ते नाही.

साशंक : आता त्या चष्म्याच्या आत काय दिसतं ते बोलू. पेंग्विन?

उत्साही : पेंग्विनच पाहिजे असं नाही. तसं मे महिन्यात ४७ अंशांवर तापलेल्या चंद्रपुरात बर्फाची सहल कोण नाकारेल! पण मी म्हणतो, इथलंच काहीतरी बनवू. जंगल, नदी, पाखरं. ताडोबा जगभरचे लोक पैसे मोजून बघायला येतात.

साशंक : जगभरचे लोक येतात, सिंदेवाहीची पोरं येत नाहीत. ब्रह्मपुरी, सावली, मूल या भागातल्या पोराला डोळ्यांवर पट्टी बांधून जंगलात उभं करायचं आणि झुडपात काहीतरी हललं असं दाखवायचं? ज्याच्या गावात कुणाला वाघाने नेलंय ते पोर सुई विसरेल हे खरं. पण सुईपेक्षा वाईट काहीतरी देऊन. हेमलकशाला १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यात अस्वलाने फाडलेली माणसं येतात. त्यांच्या पोरांना तुमचं रम्य जंगल रम्य वाटेल?

उत्साही : बरं, वाघ नको. मोह वेचायचा खेळ करू. पहाटेचा उजेड, पिवळी फुलं टपटप पडतायत, मूल टोपलीत गोळा करतंय. हात गुंततात, नजर गुंतते, ओळखीचं जग.

साशंक : मोह वेचणं तुम्हाला खेळ वाटतो? ते काम आहे. मार्च-एप्रिलमध्ये शाळा बुडवून पोरं आईबरोबर पहाटे झाडाखाली असतात. आणि वाकून फुलं वेचणाऱ्या माणसावरच वाघ झेप घेतो, याच हंगामात या जिल्ह्यात माणसं जातात. दुखणं विसरावं म्हणून तुम्ही त्या पोराला मजुरीवर पाठवताय.

(इथे लेखकाचं एक वाक्य. दोघांचा निकाल लावायला मी बसलेलो नाही, पण मोहाच्या झाडाखाली डॉक्टर हरले. बाहेरून आलेली करमणूक परकी म्हणून वाईट आणि इथली म्हणून आपोआप चांगली, हा हिशेब गैरलागू आहे. पेंग्विनाचा एक गुण नाकारता येत नाही. तो गडचिरोलीत कुणाचाच काही लागत नाही.)

उत्साही : मान्य. मग मुलांनाच विचारून ठरवू. आश्रमशाळेतल्या मुलांना कागद-खडू द्या, तुम्हाला कुठे जायला आवडेल ते काढा म्हणा.

साशंक : अर्धी पोरं विमान काढतील. काढू देत. पण ते करा, खरंच करा. त्यातून चष्म्यापेक्षा जास्त कळेल. आता माझ्या हातातल्या अडचणी ऐका, भराभर सांगते. एक डोकं, मग दुसरं डोकं, आश्रमशाळेत खरूज आणि उवा असतात. आत घाम धरणारा स्पंज तुम्ही दर पोरामागे बदलणार का? चक्कर, ओकारी. फिट येणाऱ्या पोराला लकाकणारं चित्र चालणार नाही. पाच वर्षांच्या डोक्यावर तो बसत नाही. बऱ्याच कंपन्या १३ वर्षांखालच्यांसाठी नाहीच म्हणत आल्या, एका मोठ्या कंपनीने २०२३ मध्ये ते दहावर आणलं. आपल्याला तो हवाय तो चार-पाच वर्षांच्यांसाठी. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं. त्या दिवसांत बिघडला तर कुणाला बोलवायचं? आणि सगळ्यात महत्त्वाचं. धानाच्या बांधीत नाहीतर जमिनीवर झोपलेल्या पोराला मण्यार चावते. चावल्याची खूण दिसेलच असं नाही, दुखतही नाही फारसं. विष चढतंय हे कळतं ते पापण्या जड व्हायला लागतात तेव्हा. प्रतिविषाचं सलाईन लावताना मला त्या पोराच्या पापण्या बघायच्या असतात. तुम्ही त्यावर चष्मा चढवणार?

उत्साही : नाही. सर्पदंशाला, डोक्याच्या माराला, बेशुद्ध पडू शकणाऱ्या कुठल्याही मुलाला नाही. ही यादी भिंतीवर लागली पाहिजे आणि ती तुमच्यासारख्या माणसाने लिहिली पाहिजे. खरं म्हणजे मी ज्यासाठी आलो होतो त्याचा निम्मा भाग तुम्ही आत्ता केलात. कोणत्या मुलाला कोणत्या वेळी काय करायचं याचा विचार चष्म्याच्या निमित्ताने झाला. चष्मा नसता तर तुम्ही हे मला सांगितलं असतं?

साशंक : तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं. अजून एक आहे, ते मात्र मला नीट मांडता येईल की नाही माहीत नाही. आपण चंद्रपूर जिल्ह्यातली माणसं. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन सुरू केलं. कुष्ठरोगात बोटं झडतात असं लोक म्हणायचे. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी दाखवलं की बोटं आपोआप झडत नाहीत, दुखणं जाणवत नाही म्हणून जातात. चटका कळत नाही, जखम कळत नाही, माणूस तसाच काम करत राहतो. दुखणं नसणं म्हणजे काय याची किंमत या मातीने पाहिलीय. म्हणून दुखणं पुसून टाकतो म्हणणाऱ्याकडे मी जरा संशयानेच बघते.

उत्साही : पण तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे, सिस्टर. चटक्याचं दुखणं शरीर आपल्याला कळवतं, हात काढ म्हणून. सुईच्या दुखण्यातून मुलाने काय करायचं? हात काढायचा? तो तर आपण धरून ठेवलाय. ते दुखणं त्याच्या शरीराने पाठवलेलं नाही, आपण केलेलं आहे. ते कमी करायचं कर्तव्यही आपलंच. तिथे दुखण्याचा काही उपयोग नाही.

साशंक : आहे उपयोग. ते पोराला आपल्याबद्दल काहीतरी सांगतं. ही माणसं मला दुखवतात का, दुखवण्याआधी सांगतात का, दुखलं तर थांबतात का, मी ओरडलो तर बघतात का. दवाखाना कसा आहे हे पोर यावरूनच शिकतं. आता ‘मुंगी चावेल’ म्हणून सुई खुपसणारा माणूस त्याला काय शिकवतो ते उघड आहे. तुमचा चष्मा काय शिकवतो? हेच की इथे तुझ्या अंगाला काही करायचं असलं की आधी तुला दुसरीकडे पाठवतात. पोर बर्फात गोळे फेकतंय आणि मागे त्याच्या हाताला काय होतंय ते त्याला ठाऊक नाही. मोठ्या माणसाचं आपण असं करत नाही. त्याला आधी सांगतो, सही घेतो.

उत्साही : म्हणून सांगूनच करायचं. आता टोचणार, तीन मोजतो, हवा असेल तर चष्मा, नको असेल तर नको. काही मुलांना सुई बघायचीच असते, नजर हटवली तर ती जास्त घाबरतात, हे मलाही माहीत आहे. त्यांना चष्मा लावणं म्हणजे डोळे बांधणंच. विचारून लावलेला चष्मा आणि न विचारता लावलेला चष्मा, वस्तू एकच, पण दोन वेगळ्या गोष्टी.

साशंक : विचारायचं कुणी? माडियात?

उत्साही : आशा असते, आरोग्यसेविका असते. मोठा भाऊ असतो. आई असते, तिला बाहेर काढायचं नाही.

साशंक : आता तुम्ही माझ्याच जागी येऊन बसलात. आईला आत ठेवलं, बोली येणारी बाई शेजारी आणली, आधी सांगितलं, मोजून टोचलं. इतकं झाल्यावर तुमच्या चष्म्याला कितीसं काम उरलं?

उत्साही : उरतं. भाजलेल्या मुलाच्या पट्टीत उरतं. आईचा हात धरूनही ती अर्धा तास चालते, आणि औषध देऊनही बरंच उरतं. सुईच्या बाबतीत, मान्य करतो, कदाचित फार उरत नाही. आणि मला आता प्रश्न उलटा पडतो. आईला आत ठेवायचं, थांबायचं, विचारायचं, हे सगळं चष्म्याची अट म्हणून आलं तर होईल, नुसतं सांगून होणार नाही, असं मला वाटतं. तुम्हाला वाटतं की चष्मा आला की ह्या अटीच पहिल्या गळतील.

साशंक : गळतील. सगळं यंत्रावर टाकता आलं की माणूस आधी स्वतःचा वेळ वाचवतो.

उत्साही : मग एक करू. एकच चष्मा, एकच वॉर्ड, फक्त जळिताच्या पट्ट्या. औषध दिल्याची नोंद नसेल तर चष्मा द्यायचा नाही. यादी तुम्ही करा.

साशंक : यादी करीन. पण त्यात एक रकाना मला हवाय, तो तुमच्या कुठल्याच फॉर्ममध्ये नसतो. चष्मा समोर धरला आणि पोराने मान हलवली, नको म्हणालं. मग काय केलं?

उत्साही : थांबायचं.

साशंक : पट्टीला थांबता येतं, दहा मिनिटं. आश्रमशाळेतल्या तपासणीला थांबता येतं, एक दिवसही. मण्यार चावलेल्या पोराला थांबता येत नाही, तिथे मी धरीन आणि टोचीन, ते ओरडलं तरी. पण बहुतेक सुया या दोन्हींच्या मधल्या असतात. ताप उतरत नाही, शीर सापडत नाही, गाडी पुढे न्यायला उभी आहे. तिथे किती थांबायचं?

उत्साही : ते मुलावर आहे.

साशंक : मुलावर असतं तर ते थांबलंच असतं, डॉक्टर. ते सिस्टरवर आहे, आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या तुमच्यावर. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवतोय, तेव्हा तुम्ही तिला काय सांगाल?